रुग्णाचा शब्द आणि मानसोपचारतज्ज्ञांचे जाळे

मानसोपचारातील संशोधन बहुधा मोठ्या संस्थांत होते. बहुसंख्य रुग्ण मात्र गावोगावच्या दवाखान्यांत येतात. औषधांच्या चाचण्यांसाठी निवडलेल्या रुग्णांत अनेक व्याधींनी एकाच वेळी ग्रासलेले किंवा व्यसनाधीन लोक सहसा नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९९३ साली व्यवसायी मानसोपचारतज्ज्ञांचे एक संशोधन-जाळे उभे केले. हे तज्ज्ञ आपल्या नेहमीच्या रुग्णांविषयी ठरावीक नमुन्यात माहिती कळवीत, आणि प्रत्यक्षात कोणाला कोणता उपचार मिळतो हे तीवरून समजे. १९४७ साली स्थापन झालेल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही अनेक केंद्रांच्या सहकार्याने औषधयोजनेची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली.

साहित्याच्या अभ्यासकाचा ह्या विषयाशी संबंध येतो तो भाषेमुळे. मानसिक व्याधीचे निदान मुख्यतः रुग्णाच्या बोलण्यावरूनच करावे लागते, आणि जाळ्यात ते बोलणे नमुन्यातील रकान्यांत उतरते. हे एक प्रकारचे भाषांतरच होय.

रायपूरमधील भनपुरी ही औद्योगिक वस्ती उदाहरणादाखल घ्यावी. तेथील हिंदीभाषक कामगार ‘घबराहट’ म्हणतो तेव्हा छातीतील धडधड आणि जिवाची तगमग ही दोन्ही त्या शब्दात येतात. मराठी ‘घाबरणे’ त्याला सख्खे वाटले तरी ते भयाकडे झुकते. ‘जीव कासावीस होणे’ त्याच्या अधिक जवळचे. रकान्यात केवळ ‘भीती’ अशी नोंद झाली, तर शरीराची तक्रार गळून पडते.

‘टोनही’ ह्या छत्तीसगढी शब्दाचे उदाहरण ह्याहून गंभीर आहे. करणी करते अशा संशयाने स्त्रीला हे नाव दिले जाते. अशा छळाच्या निवारणासाठी छत्तीसगढ राज्याला २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या दुखण्याचे मूळ टोनहीत आहे असे सांगणाऱ्या रुग्णापुढे ‘नैराश्य’ एवढेच लिहिले, तर निदान अचूक असूनही कोणा स्त्रीवर घोंगावणारे संकट नोंदीबाहेर राहते.

ह्यावरील एक मार्ग मुंबईत सिद्ध झाला. मिचेल वाइस, डॉ. डी. आर. डूंगाजी प्रभृतींनी कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य ह्यांचा अभ्यास करताना घडविलेली मुलाखतपद्धती १९९२ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण आपल्या दुखण्याला काय म्हणतो, त्याचे कारण कोणते मानतो आणि मदतीसाठी कोठे जातो, हे ती विचारते. उत्तरे आकड्यांत मांडताना त्याचे कथनही जपते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगढसह १२ राज्ये होती. निरनिराळ्या मानसिक व्याधींत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे त्यात आढळले. ह्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी व्यवसायी तज्ज्ञांचे जाळे उपयुक्त आहेच. पण त्याच्या नमुन्यात निदानाशेजारी एक रकाना रुग्णाच्या मूळ शब्दासाठी, त्याच्याच बोलीत, राखून ठेवला पाहिजे. तो रकाना कसा वाचावा हे ठरविण्याच्या कामी भाषांच्या अभ्यासकांनी साहाय्य करावयास हवे.