जिंजीची चढण आणि वनभोजन

चेन्नईहून दीडशे किलोमीटरवर जिंजी. श्रोतेहो, पदभ्रमण करणाऱ्या मंडळींनी राजगिरी पहाटेच चढावा. उन्हे वर आली की कातळ तापतो, आणि भरल्या पोटी त्या पायऱ्या नकोशा होतात. माथ्याजवळ खोल घळ आहे. तिच्यावरचा पूल काढला की बालेकिल्ला तुटलाच! शिवछत्रपतींनी १६७७ मध्ये हा दुर्ग घेतला. पुढे राजाराममहाराज येथे असता मोगलांचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला. मोगली सरदारांतील बेबनाव आणि संताजी-धनाजींचे छापे ही कारणे होतीच. पण किल्ल्यातील पाणी व धान्यकोठारे विसरू नयेत. उतरल्यावर सावलीत चिंचभात, दहीभात वाटून घ्यावा. ती कमानदार कोठारे मात्र जेवणापूर्वीच पाहावीत.