दोनशे मिनिटांची वाटणी

बास्केटबॉल हा पाच जणांचा खेळ असला तरी संघ काही पाच जणांचा नसतो. हा खेळ 1891 साली अमेरिकेत जन्मला, आणि तेथील महाविद्यालयांत आजही त्याचे मोठे प्रस्थ आहे. त्या महाविद्यालयांच्या संघांत साधारणतः तेरा ते पंधरा खेळाडू असतात. सामना 40 मिनिटांचा आणि एका वेळी कोर्टवर पाच जण. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती एकूण 200 मिनिटे असतात. पंधरा जणांत ती सारखी वाटली तर प्रत्येकास 13 मिनिटे 20 सेकंद मिळतील, पण संघ बहुधा हरेल. पाच जणांनाच दिली तर उरलेले दहा जण वर्षभर बाकावर बसून टाळ्या वाजवतील. या दोन टोकांच्या मध्ये प्रशिक्षकाने ही शिल्लक कशी खर्च करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. अमेरिकेतील कित्येक गरीब घरांतील मुले खेळाच्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालयाची पायरी चढतात. कोर्टवर मिळणाऱ्या मिनिटांवर त्यांचे नाव, त्यांची पुढची संधी आणि कधी कधी घराची परिस्थितीही अवलंबून असते. म्हणून मिनिटे वाटणारा प्रशिक्षक एका अर्थाने न्यायनिवाडाच करीत असतो.

किती जणांना खेळवावे?

याचे एकच उत्तर नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांचा भर सात-आठ खेळाडूंवर असे. सिरॅक्यूजचे जिम बोहाइम यांचा बाकही लहानच असे. त्यांचा संघ क्षेत्ररक्षण, म्हणजे माणसामागे न धावता ठरलेली जागा राखण्याची पद्धत वापरी. त्यात धावपळ थोडी कमी होत असल्याने मोजक्या खेळाडूंवर निभावत असे.

याच्या अगदी उलट आयोवा राज्यातील ग्रिनेल हे लहानसे महाविद्यालय. तेथील प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांनी पाचही खेळाडू एकदम बदलण्याची पद्धत रुजवली. एक तुकडी मिनिट-दीड मिनिट जीव तोडून धावते आणि लगेच दुसरी उतरते. केंटकी विद्यापीठानेही 2014-15 च्या हंगामात पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या केल्या होत्या. डिसेंबरमध्ये ॲलेक्स पॉइथ्रेस जखमी झाल्यावर ती घडी मोडली. तरीही तो संघ सलग 38 सामने जिंकला आणि उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आधी आपला संघ कोणत्या पद्धतीने खेळणार हे ठरते आणि त्यावरून किती जण लागतील ते ठरते. सतत दडपण आणून धावणाऱ्या संघाला दहा जण लागतील. संथ खेळणाऱ्याला आठ पुरतील.

थकवा ओळखणे

चांगला खेळाडूही दमला की ताज्या राखीव खेळाडूपेक्षा कमी उपयोगी ठरतो. पण दमलो असे कबूल कोण करणार? बाहेर गेलो तर परत बोलावतील की नाही, ही भीती असते. नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी (कारकीर्द 1961 ते 1997) यावर सुंदर तोडगा काढला. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करावयाची. प्रशिक्षक त्याला बाहेर घेत, आणि दम खाऊन झाला की परत जाण्याचा हक्क त्या खेळाडूचाच असे. प्रामाणिकपणाची शिक्षा होणार नाही, याची ही हमीच होती. परिणामी जो कोर्टवर असे तो पूर्ण ताकदीने खेळे.

विश्रांतीची वेळ साधण्यातही कसब आहे. पुरुषांचे महाविद्यालयीन सामने वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांत होतात. दूरदर्शनवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात प्रत्येक सत्रात 16, 12, 8 आणि 4 मिनिटे उरली असता, त्यानंतर खेळ थांबताच जाहिरातींसाठी विश्रांती होते. अशा विश्रांतीच्या मिनिटभर आधी मुख्य खेळाडूला बाहेर घेतले, तर घड्याळावरचे एकच मिनिट खर्ची पडते, पण प्रत्यक्षात त्याला तीन-चार मिनिटे दम घेता येतो.

कोणाबरोबर कोण?

मिनिटे एकेकट्याची मोजली तरी खेळ पाच जणांचा मिळून होतो. चेंडू सांभाळून नेणारा एक, बचावाचा कणा असणारा एक आणि अडचणीत बास्केट करणारा एक, असे तिघे तरी सतत कोर्टवर असावेत. हे तिघे एकदम बाकावर बसले तर पाच मिनिटांत पंधरा गुणांची आघाडी वितळू शकते.

एखादा खेळाडू कोर्टवर असताना संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले, याचा जमाखर्च आज प्रत्येक संघ ठेवतो. तो उपयुक्त आहे, पण एका सामन्यावरून खाते बंद करू नये. चांगल्या सोबत्यांबरोबर खेळणाऱ्याची बाजू आपोआप जमेची दिसते. महिना-दोन महिन्यांचा हिशेब आणि रोजचा सराव या दोन्हींचा ताळा जुळला, तरच निष्कर्ष काढावा.

सुरुवातीच्या पाचांत असणे म्हणजेच मोठेपण, हाही समज खरा नव्हे. 2018 च्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाचे डॉन्टे डिव्हिन्सेंझो बाकावरून उठून आले आणि त्यांनी 31 गुण मिळवले. त्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू तेच ठरले.

फाऊलची भीती

पाच फाऊल झाले की खेळाडू बाद होतो. म्हणून पहिल्या सत्रात दोन फाऊल होताच त्याला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिचा जरा विचार करू. खेळाडू बाद झाला तर आपण त्याची काही मिनिटे गमावतो. ती गमावू नयेत म्हणून आपण आपल्याच हाताने त्याची दहा मिनिटे गमावतो! पहिल्या सत्रातील दोन गुण आणि शेवटच्या मिनिटातील दोन गुण फलकावर सारखेच मोजले जातात. तेव्हा थोडा वेळ बसवून, बचावात सोपी कामगिरी देऊन त्याला परत उतरवणे अधिक शहाणपणाचे. उतावीळपणे फाऊल करणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी.

गुणवत्ता आणि अलिखित नियम

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मिनिटे गुणवत्तेवर द्यावीत हे बोलायला सोपे आहे. परंतु साठ-पासष्ट वर्षांपूर्वी अमेरिकेतील कित्येक महाविद्यालयांत एक अलिखित नियम पाळला जाई: एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त कृष्णवर्णीय खेळाडू कोर्टवर नकोत. दक्षिणेतील अनेक विद्यापीठांत तर त्यांना संघातच प्रवेश नव्हता. कोण किती खेळणार हे चेंडू हातात येण्यापूर्वीच कातडीच्या रंगावरून ठरलेले असे.

शिकागोच्या लोयोला महाविद्यालयाचे जॉर्ज आयर्लंड यांनी हा नियम झुगारला. 1963 च्या अंतिम सामन्यात त्यांच्या सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे कृष्णवर्णीय होते. सामना जादा वेळेत गेला, तरी त्या पाच जणांनी एकही बदल न करता संपूर्ण 45 मिनिटे खेळून 60-58 असा विजय मिळवला.

पुढे 19 मार्च 1966 रोजी टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी केंटकीच्या केवळ गोऱ्या खेळाडूंच्या संघासमोर पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी अंतिम सामना सुरू केला. त्या दिवशी त्यांनी एकूण सात जण खेळवले आणि सातही कृष्णवर्णीय होते. केंटकीच्या चपळाईला उत्तर म्हणून त्यांनी उंच नेव्हिल शेड यांना सुरुवातीला बाकावर ठेवून अवघ्या 5 फूट 6 इंच उंचीच्या विली वर्स्ली यांना उतरवले होते. म्हणजे त्यांची निवड खेळाच्या गरजेवर चालली होती. टेक्सास वेस्टर्न 72-65 ने जिंकले. आपण फक्त आपले उत्तम खेळाडू खेळवले, असेच हॅस्किन्स पुढे सांगत राहिले. इतकी साधी गोष्ट करणे त्या काळी धाडसाचे ठरावे, यातच सर्व काही आले.

कारण सांगण्याचे कर्तव्य

रंगाचा तो नियम गेला, तरी वशिला, प्रशिक्षकाची मर्जी, देणगीदाराचा आग्रह अशी नवी रूपे कोठेही डोके वर काढू शकतात. त्यावर उपाय एकच. मिनिटे कशावर मिळतील, हे हंगामाच्या आरंभीच सर्वांसमोर सांगावे: सरावाला वेळेवर येणे, बचाव, चेंडू वाया न घालवणे, सोबत्याला पास देणे. सरावाच्या नोंदी ठेवून त्या खेळाडूंना दाखवाव्यात. ज्याला कमी मिनिटे मिळतात त्याला एकांतात बोलावून कारण सांगावे आणि काय सुधारले तर मिनिटे वाढतील तेही सांगावे. 2021 पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन लगेच खेळता येऊ लागले. त्यामुळे मौन बाळगणाऱ्या प्रशिक्षकाचा बाक वसंत ऋतूत रिकामा होतो.

बाकावर बसणे हा अपमान नव्हे. कारण न कळता बसावे लागणे हा अपमान होय. दोनशे मिनिटे सर्वांना पुरणार नाहीत, हे खेळाडूलाही कळते. त्याची अपेक्षा इतकीच असते की मापाची पट्टी सर्वांना एकच असावी आणि ती उजेडात धरलेली असावी. एवढे ज्या प्रशिक्षकाला साधले, त्याचा बाराव्या क्रमांकाचा खेळाडूही उद्याच्या सरावाला वेळेवर हजर राहील.