अब्बासिया आणि आधाराची साधने : तीन दशकांचा मागोवा

सरकारी दप्तरी जलीब अल्-शुयूख या नावाने नोंदलेल्या आणि कुवेतच्या विमानतळालगत पसरलेल्या विभागातील जो भाग भारतीयांच्या तोंडी अब्बासिया म्हणून रुळला, त्याचा इतिहास आजवर नोकरी, पगार, भाडे आणि मायदेशी रवाना होणारी रक्कम यांच्याच जमाखर्चात मांडला गेला. परंतु जन्मतः ऐकू न येणारे मूल, दृष्टी गेलेली आई, अपघातात पाय गमावलेला कारागीर अशी माणसेही याच वस्तीत राहत आली; आणि पांढरी काठी, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, चाकांची खुर्ची व अलीकडे मोबाइल या साधनांनी त्यांच्या दिनक्रमात तीन दशकांत जो पालट घडविला, त्याचा मागोवा घेणे अगत्याचे आहे. साधने वेगाने पुढे गेली, परंतु त्यांना सार्थ करणारी दुरुस्ती, भाषा आणि हक्क ही त्रयी मागेच राहिली, हे या मागोव्यातून दिसते.

२ ऑगस्ट १९९० रोजी झालेल्या इराकी आक्रमणानंतर १,७०,००० हून अधिक भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आणले, आणि पुढील वर्षी कुवेत मुक्त झाल्यावर अनेकांनी पुन्हा तीच वाट धरली. त्या दशकात मराठी घरांतली अशी साधने बहुधा गावाहून येणाऱ्याच्या सामानातून येत, आणि त्यांच्या पाठीशी महाराष्ट्रातील शतकभराचे कार्य उभे असे. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच कर्णबधिरांची शाळा निघाली होती. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अंध मुलांना शिकविण्यास आरंभ केला. १९५१ मध्ये भारती ब्रेलने भारतीय भाषांना सहा बिंदूंची समान मांडणी दिली. १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५५ मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था आणि १९८३ मध्ये कर्णबधिरांसाठीची वांद्र्याची अली यावर जंग संस्था स्थापन झाली.

या परंपरेशेजारीच जयपूरच्या कृत्रिम पायाचा उल्लेख केला पाहिजे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडविलेल्या या पायाचे वैशिष्ट्य असे, की परदेशी कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची गरज भागवीत, तर हा पाय उकिडवे बसणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या आणि अनवाणी देवळात जाणाऱ्या माणसासाठी कल्पिलेला होता. मात्र कोणताही कृत्रिम पाय एकदा बसवून भागत नाही. छाटलेल्या अवयवाचा उरलेला भाग काळानुसार आकसतो, मुलाचे हाड वाढते, आणि उन्हाळ्यात सॉकेटमध्ये घाम साचून त्वचा सोलवटते. ज्या देशात २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेथे हा त्रास केवढा असेल हे सांगण्याची गरज नाही. श्रवणयंत्राच्या कानातील साच्याचीही तीच स्थिती: मूल वाढले की साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. ही दुरुस्ती परिचित आणि परवडणाऱ्या ठिकाणी व्हावी म्हणून ती वार्षिक रजेपर्यंत लांबविली जाई, आणि मधले महिने मूल अर्धवट ऐकत वर्गात बसे.

खरे स्थित्यंतर संगणकाने आणि त्याहून अधिक मोबाइलने घडविले. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी जॉज ही प्रणाली मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली आरंभिली, आणि ईस्पीक या मजकूर बोलून दाखविणाऱ्या प्रणालीच्या काहीशा रुक्ष पण समजणाऱ्या आवाजात संगणक मराठी वाचू लागला. २००९ मध्ये आयफोनमध्ये पडदा वाचणारी अशी प्रणाली अंगभूत आली. २०१४ च्या जूनमध्ये कुवेतने चलनी नोटांची सहावी मालिका काढली व तीत बोटांना जाणवतील अशा खुणा ठेवल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या बक्कल्यात, म्हणजे किराणा दुकानात, अंध ग्राहकाला नोट स्वतः पारखण्याची सोय झाली. २०१७ मध्ये गूगलची बोलून लिहिण्याची सोय मराठीत आली आणि २०१९ मध्ये समोरच्याचे बोलणे तत्काळ अक्षरांत दाखविणारे लाइव्ह ट्रान्स्क्राइब आले. जे काम पूर्वी घरातील कोणा तरी ऐकत्या माणसाच्या मदतीवर चाले, ते फोनच्या पडद्यावर होऊ लागले.

या प्रगतीची कसोटी २०२० साली लागली. करोनाच्या साथीमुळे १३ मार्चपासून प्रवासी विमाने थांबली, आणि ६ एप्रिलपासून महबूला व जलीब या दोन विभागांना संपूर्ण टाळेबंदी लागू झाली. जलीबची टाळेबंदी जुलैपर्यंत उठली नाही. श्रवणयंत्राचा लहान सेल साधारण आठवडा-दोन आठवडे चालतो. ज्यांचा साठा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सामानावर अवलंबून होता त्यांची वाट बंद झाली, आणि मुखपट्टीने ओठांच्या हालचाली झाकल्याने ओष्ठवाचनाचाही मार्ग खुंटला. स्नेह्यांच्या सौजन्यावर उभारलेली पुरवठ्याची साखळी कितीही आपुलकीची असली, तरी ती व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हे त्या महिन्यांनी शिकविले.

भाषेचा आणि हक्काचा प्रश्न याहून खोल आहे. २०२१ मध्ये कुवेतने सरकारी कामांसाठी साहेल हे ॲप सुरू केले तेव्हा ते अरबीतच होते. अंध मराठी माणसाचा फोन त्याला ते निष्ठेने वाचून दाखवी, पण अरबी न येणाऱ्याला अकाम्याच्या, म्हणजे निवासपरवान्याच्या, मुदतीसाठी पुन्हा दुसऱ्यालाच विचारावे लागे. कुवेतचा २०१० चा आठवा कायदा अपंग व्यक्तींना उपचार, शिक्षण, नोकरी आणि साधने यांविषयी उदार तरतुदी देतो. परंतु त्याचा अंमल मुख्यत्वे कुवेती नागरिकांपुरता आणि कुवेती मातांच्या अपत्यांपुरता आहे. भारताचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचे अपंगत्व मान्य करतो, पण त्याचा दाखला भारतातील रुग्णालयाच्या तपासणीनेच मिळतो. दोन उत्तम कायद्यांच्या मधल्या पट्टीत अब्बासियाचा रहिवासी उभा आहे, आणि त्याचे मूल ज्या सीबीएसई शाळेत शिकते तेथे लेखनिक व वाढीव वेळ यांची सवलत असली, तरी तीही दाखल्यावाचून मिळत नाही.

म्हणून पुढील दशकाचे काम नव्या यंत्राची प्रतीक्षा करणे हे नव्हे. मराठी आणि इतर भारतीय मंडळांनी मिळून सेल, साचे व सुटे भाग यांचा सामाईक साठा ठेवावा. वापराबाहेर गेलेल्या खुर्च्या, कुबड्या व यंत्रे नोंदवहीत घेऊन गरजूंना द्यावीत. शाळांनी प्रवेशाच्या अर्जातच अशा गरजांचा रकाना ठेवावा. आणि दूतावासाने अपंगत्वाच्या तपासणीची शिबिरे येथेच भरविण्याची तजवीज करावी. यातील एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागत नाही. जो समाज परक्या मुलखात शाळा आणि गणेशोत्सव उभे करू शकला, त्याला आपल्यातील ऐकू न येणाऱ्या मुलाच्या सेलची तरतूद करणे अशक्य नाही. आणि ती तरतूद दया म्हणून न होता त्या मुलाचा हक्क म्हणून होईल, तेव्हाच या साधनांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.