पांजरपोळ : वहीत मांडलेली भूतदया

मुंबईतील भुलेश्वर हा भाग देवळांसाठी, घाऊक बाजारासाठी आणि या दोहोंमुळे होणाऱ्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे, परंतु सी. पी. टँकच्या नाक्यावरून माधवबागेच्या रोखाने वळले असता, जेथे हातभर ओट्यासाठीही पागडीचे व्यवहार व्हावेत अशा मोक्याच्या जागी, एका प्रशस्त आवारात दावणीची गुरे निवांतपणे रवंथ करीत उभी दिसतात, आणि नवख्या माणसास हा सारा प्रकार एक तर अपार भाविकपणाचा किंवा अपार उधळपट्टीचा वाटतो. वस्तुतः तो या दोहोंपैकी एकही नव्हे. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी स्थापन झालेला मुंबईचा पांजरपोळ ही व्यापाऱ्यांनी, व्यापाराच्या रीतीने, व्यापारी शहराच्या गरजेतून उभारलेली एक पेढी आहे. तिचे गिऱ्हाईक मुके आहे आणि तिच्या वहीत नफ्याचा रकाना नाही, एवढाच काय तो इतर पेढ्यांहून तिचा वेगळेपणा.

या पेढीचा जन्म गाईमुळे झाला नाही, कुत्र्यामुळे झाला. मुंबईत मोकाट कुत्र्यांचा उपद्रव वाढला म्हणून वर्षातील ठराविक मुदतीत त्यांना ठार मारण्याची परवानगी देणारा कायदा कंपनी सरकारने १८१३ सालीच केला होता. १८३२ च्या उन्हाळ्यात ही मुदत वाढविण्यात आली, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम असल्यामुळे पोलिसांच्या अंगी कर्तव्यबुद्धीचा असा काही संचार झाला, की बेवारस आणि पाळीव हा भेद विसरून लोकांच्या उंबरठ्यावरची कुत्रीही सोट्याखाली पडू लागली. मृताच्या देहावर श्वानाची दृष्टी पडणे हा ज्यांच्या अंत्यविधीचा अविभाज्य भाग आहे, त्या पारशी समाजाला ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती. त्यातून ६ जून हा दिवस त्यांच्या दृष्टीने पवित्र होता, आणि नेमक्या त्याच दिवशी किल्ल्याच्या परिसरात चाललेली ही कत्तल पाहून जमावाने गोऱ्या शिपायांवर हल्ला चढविला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. जैन आणि हिंदू व्यापारी पारशांना येऊन मिळाले, दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडविण्यात आली, आणि अखेरीस दंग्याचा कायदा वाचून दाखवून, फौज बोलावून व धरपकड करून सरकारला आपला अंमल पुन्हा बसवावा लागला. मुंबईच्या इतिहासातील हा पहिल्या मोठ्या हरताळांपैकी एक. तो पगारासाठी किंवा पट्टीविरुद्ध नसून रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी होता, ही गोष्ट आपले इतिहासकार काहीशा संकोचाने सांगतात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

दंगा मोडला, परंतु प्रश्न शिल्लक राहिला. शहरातील प्रतिष्ठितांनी सरकारकडे अर्ज केला, की कुत्र्यांना ठार न मारता शहराबाहेर नेऊन सोडण्याची तजवीज व्हावी. आणि ज्याने अर्ज करावा त्यानेच उद्या जिम्मेदारी पत्करावी, हा दरबारी व्यवहाराचा नियम या प्रकरणीही लागू पडला. जमशेटजी जिजीभाई यांनी, ज्यांना ‘सर’ हा किताब पुढे आठ वर्षांनी मिळावयाचा होता, शेठ मोतीचंद अमीचंद शहा यांच्या सहकार्याने पांजरपोळाची स्थापना केली. जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातून, म्हणजे कापसाप्रमाणेच अफूतूनही आली होती, हे येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबईची बहुतेक धर्मादाय वास्तुसंपदा त्याच व्यापारावर उभी आहे. मात्र दानाचा विचार करताना त्यांची नजर हिशेबी होती. एस्प्लनेडच्या मैदानावर गुरे चारण्यासाठी सरकारने फी बसविली, तेव्हा ती भरण्याची ऐपत नसलेल्या गुराखीवर्गासाठी त्यांनी ठाकुरद्वाराजवळ समुद्राच्या बाजूची कुरणे वीस हजार रुपयांस विकत घेऊन खुली करून दिली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. फीमाफीसाठी अर्जविनंत्या करण्यापेक्षा जमीनच खरेदी करून टाकावी, हा व्यापारी स्वभाव.

पांजरपोळाच्या उभारणीत हाच स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो. एखाद्या दानशूराच्या मृत्युपत्रावर अथवा पर्युषणातल्या वर्गणीवर संस्था सोडून न देता व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ‘लागा’ बसविला. कापूस असो, साखर असो, सौदा झाला की त्यातील ठरलेला अत्यल्प अंश पांजरपोळाच्या खाती जमा व्हावयाचा. हा कर सरकारने बसविलेला नव्हता आणि तो न देणाऱ्यास तुरुंगही नव्हता. परंतु महाजनाच्या शब्दाबाहेर जाणाऱ्या व्यापाऱ्याची बाजारात काय पत राहते, हे ज्याला ठाऊक आहे त्यास या कराच्या वसुलीविषयी शंका येणार नाही. दयेला मनाच्या लहरीवर न सोडता तिला आडत व दलालीच्या पंक्तीला बसविले, यातच या संस्थेच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे. करुणेने गहिवरलेला मनुष्य एका दिवसात पुष्कळ देतो. पण गुराला रोज चारा लागतो.

पांजरपोळाची वंशावळ अशोकाच्या शिलालेखांपर्यंत नेऊन भिडविण्याचा मोह अनेक लेखकांना झालेला आहे. अशोकाने माणसांप्रमाणे पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था केली हे खरे. तथापि त्या राजाज्ञेपासून भुलेश्वरच्या आवारापर्यंत अखंड परंपरा दाखविणे कठीण आहे. जवळचे आणि निःसंशय कूळ गुजरातेतील महाजनांचे. खंबायत, सुरत, अहमदाबाद येथील पशुपक्ष्यांच्या आश्रयस्थानांची वर्णने सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांनी मोठ्या विस्मयाने लिहून ठेवली आहेत. इटलीचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ साली खंबायतेत पक्ष्यांचे रुग्णालय पाहून थक्क झाला, तर १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने ढेकूण व पिसवांसाठीही तेथे सोय असल्याचे नमूद केले असून, त्यांच्या उदरनिर्वाहासाठी एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर तेथे निजविले जात असे, अशीही माहिती पुरविली आहे. ही हकीकत वाचून हसू येते, यात शंका नाही. परंतु त्या गरीब माणसाचा विचार मनात येताच ते हसू मावळते, आणि भूतदयेच्या हिशेबात मनुष्य हाही एक भूत आहे याची आठवण त्या महाजनांना कोणी करून दिली असेल काय, असा प्रश्न उभा राहतो.

पांजरपोळ म्हणजे काय हे नीट समजून घ्यावयाचे तर त्याच्याशेजारी सरकारी कोंडवाडा उभा करून पाहावा. १८७१ च्या कायद्याने गावोगाव पक्के झालेले कोंडवाडे आजही कोठे कोठे शिल्लक आहेत. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात दाखल व्हावयाचे, मालकाने दंड व खुराकीचा खर्च भरून ते सोडवावयाचे, न सोडविल्यास त्याचा जाहीर लिलाव. कोंडवाड्याच्या दृष्टीने जनावर ही मालमत्ता आहे आणि त्याच्या दाराला दोन्ही दिशा आहेत. पांजरपोळाचे दार मात्र आत उघडते. जे लिलावात कोणी घेणार नाही तेच नेमके येथे दाखल होते : भाकड गाय, खांदा गेलेला बैल, गाडीखाली सापडून लंगडे झालेले वासरू. आणि दाखल झाले की ते तहहयात. पेन्शनीस आलेल्या मंडळींनी भरलेल्या एखाद्या संस्थेस आपण थट्टेने पांजरपोळ म्हणतो, त्या थट्टेत ही तहहयात तैनातच अभिप्रेत असते.

सरकारलाही या खाजगी संस्थेची गरज पुढे पटली. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा उघडून पाहावा. त्याच्या ३५ व्या कलमात, छळातून सोडविलेले जनावर पांजरपोळाकडे सोपविण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्याने देता येईल आणि त्याच्या खुराकीचा खर्च मालकाकडून वसूल करता येईल, अशी तरतूद खुद्द पांजरपोळाचे नाव घेऊन केलेली आढळते. त्यामुळे आजच्या पांजरपोळात आणखी एक विचित्र वर्ग निर्माण झाला आहे, तो म्हणजे मुद्देमालाचा. बेकायदा वाहतुकीत, एका ट्रकमध्ये कोंबून नेताना पकडलेली गुरे ही फौजदारी खटल्यातील मुद्देमाल होत. खटल्याचा निकाल लागेतो ती जपून ठेवावयाची, आणि आपल्याकडील निकालांची गती पाहता मुद्देमाल म्हातारा होऊन मरून गेल्यावरही तारखा पडतच राहतात. २०१७ साली केंद्र सरकारने अशा जनावरांच्या देखभालीसाठी स्वतंत्र नियम केले. परंतु नियमांनी वैरण उगवत नाही.

वैरणीचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. गुराला त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के इतके कोरडे खाद्य रोज लागते, असा ढोबळ नियम पशुवैद्य सांगतात; म्हणजे तीनशे किलो वजनाच्या किरकोळ गाईलाही दिवसाला साडेसात किलो, वर्षाला पावणेतीन टन. दूध आटल्यावर ती आणखी सहा-आठ वर्षे सहज जगू शकते. बारा-तेरा वर्षांची भाकड गाय आत घेताना संस्था वास्तविक पंधरा-वीस टन चाऱ्याची हुंडी स्वीकारीत असते, आणि सोडून जाणारा मनुष्य मात्र दरवाजात पाचशे रुपयांची पावती फाडून पुण्याचा व्यवहार पुरा झाला असे समजतो. शहराच्या मध्यभागी हा भार पेलणे अशक्य असल्यामुळेच मुंबईच्या पांजरपोळाने चेंबूर, कल्याणजवळील रायता अशा ठिकाणी जागा घेऊन गुरे तिकडे हलविली.

कुत्र्यासाठी उघडलेल्या या दारातून गाय आत आली आणि हळूहळू तिने सगळे आवार व्यापले, ही गोष्ट संस्थेच्या इतिहासात कोणी मुद्दाम घडवून आणली नाही. गाईला घास देणे पुण्यप्रद, म्हणून देणगी गाईच्या नावाने येते. आणि जिच्या नावाने देणगी येते तिच्यासाठी गोठा बांधला जातो. रस्त्यावरचा कुत्रा, डोळे फुटलेले गाढव, म्हातारे घोडे यांच्या नावाने अमावास्येला कोणी थाळी काढीत नाही.

शिवाय जगविणे आणि बरे करणे या भिन्न गोष्टी आहेत. सर दिनशा माणकजी पेटिट यांनी १८८० नंतरच्या काळात परळ येथे आपल्या पत्नीच्या नावे, बाई साकरबाई यांच्या स्मरणार्थ नव्हे तर त्यांच्या गौरवार्थ, जनावरांचे इस्पितळ उभारले, आणि तेथेच १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा मुंबईत प्रथमच या दोन दृष्टी समोरासमोर आल्या. इस्पितळ जनावरास दुरुस्त करून मालकाकडे परत धाडते, आणि ज्याची यातना उपायांपलीकडे गेली त्याला शांतपणे मरण देण्यासही कचरत नाही. पांजरपोळ त्यास कधीही राजी झाला नाही. मुक्या जिवाच्या आयुष्याची दोरी कापण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला, हा अहिंसावाद्यांचा प्रश्न मोडीत काढण्यासारखा नाही. पण पाठ मोडलेले जनावर दहा दिवस कण्हत पडलेले असता त्याच्याकडे पाहून केवळ आपले हात निष्पाप राहिले एवढ्यावर समाधान मानणे, हे मला तरी अहिंसेपेक्षा सोवळ्याच्या जवळचे वाटते.

गांधींनी ही दुखरी जागा अचूक ओळखली होती. अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने १९२६ साली आपल्या आवारातील साठ भटकी कुत्री मारविली, आणि गांधींनी त्याचे समर्थन केले, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की कुत्र्याला पाळावयाचे नाही, पण रस्त्यात तुकडा टाकून त्याला भटकत ठेवावयाचे, यात दया नसून दयेचा आभास आहे. पांजरपोळांविषयी तर त्यांनी वारंवार लिहिले, की ते गर्दीच्या शहरातून मोकळ्या रानात न्यावेत, जाणत्या माणसांच्या हाती द्यावेत, तेथे दुग्धालये चालवावीत, आणि मेलेल्या गुरांची कातडी कमावण्याचे कारखाने काढून जिवंत गुरांचा खर्च भागवावा. ही शेवटची सूचना धर्मशील विश्वस्तांच्या पचनी पडणे कठीणच होते. वीस लेखांनी जे झाले नाही ते जागांच्या भावांनी केले, म्हणजे गुरे रानात गेली. चर्मालयाचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला.

महाराष्ट्राच्या खेड्यात पांजरपोळापेक्षा ओळखीची संस्था म्हणजे दुष्काळातील गुरांची छावणी. १९७२ च्या दुष्काळात, आणि त्यानंतर २०१३ व २०१९ सालीही, माणदेशातला आणि मराठवाड्यातला शेतकरी आपली जनावरे घेऊन छावणीत जाऊन राहिला. सरकारने दर जनावरामागे अनुदान दिले, आणि पाऊस पडताच छावणी उठली. छावणी दुभत्या आणि कामाच्या गुरांसाठी असते, जी परत दावणीला जावयाची आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने राज्यात गाईबरोबर वळू-बैलांच्या कत्तलीसही बंदी झाली, तेव्हा म्हाताऱ्या बैलाचे काय करावे हा प्रश्न शेतकऱ्यापुढे बारमाही उभा राहिला. कायदा करणाऱ्यांनी त्या बैलाच्या पावणेतीन टनांचा विचार पुरेशा गांभीर्याने केला, असे म्हणवत नाही. तिकडे कुत्र्यांचा प्रश्न १८३२ च्याच जागी आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री धरून आश्रयस्थानांत ठेवण्याचा हुकूम दिला, आणि त्याच महिन्यात तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली व हिंस्र वगळता, मूळ जागी सोडण्यास सांगितले. मारावे, बाहेर न्यावे की राहू द्यावे, हे तिन्ही पर्याय जमशेटजींच्या वेळच्या अर्जदारांना परिचित होते.

वाचकांपैकी ज्यांना पांजरपोळास काही द्यावयाचे असेल त्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शिळा भात, कणकेचे गोळे, लाडू असे पदार्थ गाईंना चारू नयेत. पिठूळ अन्न एकदम पोटात गेल्याने गुराच्या कोठ्यात आम्ल वाढते आणि प्रसंगी ते दगावते. त्याऐवजी चैत्र-वैशाखात, कडब्याचे भाव चढलेले असताना, वैरणीसाठी रोख रक्कम द्यावी, आणि पावती घेण्यापूर्वी कचेरीत बसून आवक, मयत व वैरण या तीन वह्या पाहण्यास मागाव्यात. ज्या संस्थेत त्या विनाविलंब पुढे केल्या जातात, तेथे पैसे निःशंकपणे द्यावेत.