वाऱ्याने आखलेली वळणं

खडवलीहून लोकलने कल्याणला उतरलात आणि मलंगगडाच्या वाटेला लागलात, की नेवाळी येतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांसाठी धावपट्टी बांधली. आता सांगा, अशा धावपट्टीचं फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीशी काय नातं असेल? थेट जन्माचं!

त्याच युद्धात इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला बॉम्बफेकी विमानांचा तळ झाला. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. पण वारा रोज एकाच दिशेने थोडाच वाहतो? म्हणून एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या. त्यांच्या टोकांपर्यंत विमान नेता यावं म्हणून सगळ्यांभोवती एक रस्ता, देवळाभोवतीच्या प्रदक्षिणामार्गासारखा.

युद्ध संपलं, विमानं गेली. मागे राहिला सपाट, टणक, मोकळा रस्ता, जिथून निघावं तिथेच परत आणणारा. शर्यतीला आणखी काय हवं?

तिथल्या १९४८ च्या ग्रां प्री शर्यतीत तर गाड्या आतल्या धावपट्ट्यांवरूनही धावल्या. दोन बाजूंनी सुसाट आलेल्या गाड्या मधोमध समोरासमोर यायच्या आणि ऐनवेळी वळायच्या! ड्रायव्हर बिचकू नयेत म्हणून मध्ये चक्क कापडी पडदे लावले होते. पुढच्या वर्षी शर्यत कडेच्या रस्त्यावर गेली आणि १३ मे १९५० रोजी तिथेच फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. जिंकला इटलीचा ज्युझेप्पे फरीना. म्हणजे ती वळणं शर्यतीसाठी कुणी आखलीच नव्हती, ती वाऱ्याने ठरवली होती!

आपल्याकडेही तेच घडलं. मुंबईत जुहूच्या विमानतळावर शर्यती रंगल्या. मद्रासजवळ शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी तर रेसिंगची पंढरीच झाली. तिथलं वेड पुढे मद्रासजवळच्याच इरुंगट्टुकोट्टईच्या खास ट्रॅकवर गेलं. २००५ मध्ये कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरला, पहिला भारतीय! २०११ मध्ये खुद्द फॉर्म्युला वन ग्रेटर नोएडाला आली आणि तीन वर्षं इथे धावली. खेळ असा जगभर पसरला: १९५० मध्ये अजिंक्यपदाच्या शर्यती होत्या सात, त्यातल्या सहा युरोपात. २०२४ मध्ये झाल्या चोवीस, पाच खंडांत.

आणि खरी कमाल पुढेच आहे. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर पंख आले, पण उलटे! ज्या हवेने विमान उचललं जातं, तीच हवा गाडीला खाली दाबते. टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि वळणावरही वेग टिकतो. विमानांच्या तळावर वाढलेल्या खेळाने विमानाचाच पंख उलटा केला आणि जमीन न सोडता वेग गाठला!