रुमालातलं दप्तर, सीडीतला मजकूर

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडात गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा. मोडी येणारा माणूस आजही तो सोडून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा हिशेब वाचतो. मराठी प्रकाशकाच्या कपाटातली १९९८ सालची सीडी मात्र आज संगणकात घातली, तर पुष्कळदा पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं पसरतात. पुस्तक त्यातच असतं, पण वाचता येत नाही.

प्रकाशकाचं खरं भांडवल म्हणजे त्याच्याकडचा मजकूर: पुस्तकं, मलपृष्ठावरची ओळख, करार, किमतींची यादी. तो सांभाळायला आज उत्तम सॉफ्टवेअर मिळतं. पण ते कामाला येण्याआधी घरातला मजकूर वाचता येण्याजोगा हवा.

अक्षर दिसतं एक, साठतं दुसरंच

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं आणि खिळे जुळवण्याचं काम संपलं. पेजमेकर, श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम ही नावं प्रत्येक छापखान्यात रुळली. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच, फक्त तिचं चित्र होतं. फॉन्ट गेला की चित्र पुसलं गेलं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे आणि विंडोज २०००पासून मंगल फॉन्टसह ती घरोघरच्या संगणकांत पोचली. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरकं मिळतात, पण काम सरळ नाही. ‘किल्ला’ लिहिताना जुन्या फॉन्टांत आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘मार्ग’मधला रफार जुन्या पद्धतीत ग नंतर येई, युनिकोडमध्ये त्याचा र ग च्या आधी साठवला जातो. म्हणजे अक्षरं बदलायची आणि त्यांचा क्रमही लावायचा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद रूपांतरात पुसला गेला, तर गुरुजींचं ताट स्वयंपाक्याला जातं. म्हणून शेवटी मुद्रितशोधकाची नजर लागतेच.

एकच अस्सल प्रत

दुसरं दुखणं फायलींच्या नावांचं. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल दुरुस्त’ यांतली छपाईला कोणती गेली, हे वर्षभराने कोणीच सांगू शकत नाही. शेवटच्या घटकेच्या दुरुस्त्या पानं लावलेल्या फाइलीत होतात, मूळ मजकुरात परतत नाहीत. मग दुसऱ्या आवृत्तीत किंवा ई-बुकात त्याच चुका पुन्हा उगवतात.

आशय व्यवस्थापनाची साधनं इथे उपयोगी पडतात. २००३मध्ये आलेलं वर्डप्रेस मुक्त आणि मोफत आहे. त्यात मजकूर एका जागी राहतो, मांडणी वेगळी. आधीच्या आवृत्त्या जपल्या जातात, त्यामुळे चुकून पुसलेला परिच्छेद परत आणता येतो. लेखक, संपादक, प्रशासक यांचे अधिकार वेगळे असतात. कोणी काय बदललं ते कळतं. छोट्या प्रकाशकाला एवढंही नको असेल, तर सामायिक फोल्डर आणि एक तक्ता पुरतो. तक्त्यात तेरा अंकी आयएसबीएन, आवृत्ती, वर्ष, किंमत, मुखपृष्ठकार, हक्क आणि अस्सल फाइल कुठे आहे, एवढं असावं. फाइलीच्या नावात तारीख घालायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. फायली आपोआप क्रमाने लागतात.

तीन प्रती, दोन साधनं, एक परगावी

आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे करार आणि मजकूर दोन-तीन पिढ्या टिकायला हवेत. इतकं कोणतंही सॉफ्टवेअर टिकेल याची हमी नाही. म्हणून मजकूर बाहेर काढता येईल अशीच प्रणाली घ्यावी आणि साधी युनिकोड प्रत वेगळी ठेवावी. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं होतं. एकाच इमारतीतल्या तीन प्रती अशा वेळी एकीसारख्याच.

लक्ष्मीपूजनाला चोपड्यांशेजारी आता संगणकालाही हळदकुंकू वाहतात. त्याच आठवड्यात आपल्याकडची सर्वांत जुनी फाइल उघडून पाहावी. ती वाचता येत नसेल, तर ज्याने ती अक्षरं जुळवली तो ऑपरेटर अजून भेटेल, तो फॉन्ट असलेला जुना संगणक अजून चालू होईल. मोडी वाचणारे अजून आहेत, कारण ती लिपी एकाकडून दुसऱ्याने शिकून घेतली. या फॉन्टांची किल्ली मात्र मोजक्या माणसांपाशी आहे, आणि ती माणसं आता निवृत्त होत आहेत.