सार्वहित आणि शासकीय निधी : अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या पर्यावरणविषयक पत्रांची भाषा

धर्मसंस्थेचे पत्र आणि शासनाचे अंदाजपत्रक यांचा एकत्र विचार साहित्याभ्यासात सहसा होत नाही. तथापि पर्यावरणरक्षणासाठी शासनाने खर्च करावा, ही अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने वेळोवेळी केलेली मागणी ज्या भाषेत व्यक्त झाली, ती भाषा एका दीर्घ पत्रपरंपरेतून घडली आहे. ही परंपरा निसर्गपूजेची नाही. तिच्या मुळाशी ‘सार्वहित’ ही संकल्पना आहे.

तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रातून कामगारांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ने त्यात एक मर्यादा घातली : जे काम कुटुंब वा स्थानिक समूह करू शकतो, ते वरच्या सत्तेने बळकावू नये. वरवर पाहता हे तत्त्व शासकीय खर्चाच्या विरोधात जाते, आणि अमेरिकेतील अनेक सनातनी कॅथलिक विचारवंतांनी ते तसे वापरलेही. परंतु त्याची दुसरी बाजू अशी, की जे काम लहान समूहाच्या आवाक्याबाहेरचे आहे, ते वरच्या सत्तेने टाळू नये. नदी आणि हवा धर्मग्रामाची सीमा मानीत नाहीत. १९९१ च्या ‘चेन्तेसिमुस आन्नुस’मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी नैसर्गिक पर्यावरणाची गणना सामाईक संपदेत केली, तिचे रक्षण केवळ बाजाराच्या बळावर होत नाही, म्हणून ते शासनाचे कर्तव्य ठरते, असे प्रतिपादन केले. पुढील सर्व युक्तिवादाची कळ येथे आहे.

त्याच वर्षी अमेरिकन बिशपांनी पर्यावरणावरील निवेदन प्रसिद्ध केले. २००१ मध्ये हवामानबदलावर दुसरे आले. त्याच वर्षी वायव्य अमेरिका व कॅनडातील बिशपांनी कोलंबिया नदीच्या खोऱ्यावर स्वतंत्र पत्र लिहिले. या संहितांत स्तोत्राचा सूर आणि धोरणाचा तपशील शेजारी शेजारी नांदतात. २०११ मध्ये वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाऱ्यावरील निर्बंधांना पाठिंबा देताना बिशपांनी गर्भस्थ बालकाचे आरोग्य पुढे केले. तो प्रश्न निधीचा नव्हता, नियमाचा होता. पण गर्भरक्षणाचा परिचित शब्दसंग्रह त्यांनी धुराड्यापर्यंत नेला, हे शैलीच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे असे आहे.

निधीचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे उभा राहिला तो ‘ग्रीन क्लायमेट फंड’च्या निमित्ताने. गरीब देशांना हवामानबदलास तोंड देता यावे यासाठीच्या या निधीला अमेरिकेने २०१४ मध्ये ३ अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले. जानेवारी २०१७ पर्यंत त्यांपैकी १ अब्ज पोहोचले होते. बिशपांनी काँग्रेसला या तरतुदीचा आग्रह केला. त्यांच्या मांडणीत ही रक्कम दान नव्हती, न्यायाचे देणे होते. ज्यांनी प्रदूषण सर्वांत कमी केले, त्यांनाच त्याचा फटका सर्वाधिक बसतो, हा त्यामागचा हिशेब. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, देणे तसे नसते. सगळा वाद या दोन शब्दांत सामावतो.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ आले. त्याचे शीर्षक संत फ्रान्सिस यांच्या, लॅटिनऐवजी उंब्रियन लोकभाषेत रचलेल्या स्तोत्रातील आहे. देशी भाषेचा असा कैवार मराठी वाचकाला नवा नाही. मात्र स्तोत्राच्या शीर्षकाखालील हे परिपत्र अर्थसत्तेपुढे दुबळ्या झालेल्या राजकारणावर नेमके बोट ठेवते.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याच परंपरेत राहून हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी लढा दिला. पण तेथे मागणी निधीची नव्हती, बांधकामाला आवर घालण्याची होती. एकाच सार्वहिताच्या नावाने एके ठिकाणी शासनाला हात सैल सोडण्यास सांगितले गेले आणि दुसरीकडे हात आखडता घेण्यास.